कुमुदिनीची पोथी

मी वाचलेली पहिली कादंबरी अगदी भिकार होती. हे मी आज म्हणते. तेव्हा म्हणायची माझी छाती नव्हती, कारण तेव्हा ती कादंबरी आमच्या घरात पाटावर बसत होती आणि तिला रोज हळदकुंकू वाहिलं जात होतं. तिचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. लेखकाची नातवंडं-पतवंडं कुठे तरी सुखाने नांदत असतील, त्यांना उगाच कशाला दुखवा? एवढंच सांगते की गोष्ट पुण्याकडची होती. कुमुदिनी नावाची एक सुंदर, सुशिक्षित मुलगी. वडिलांनी तिचं लग्न कुणा रावसाहेबांशी ठरवलेलं. तिला ते नको, म्हणून ती पळून जाते. विषय असा की वाचणाऱ्याने श्वास रोखून धरावा. पण लेखकाने तिला प्रत्येक प्रकरणात मूर्च्छा आणली. रस्त्यात आली, देवळात आली, एकदा तर होडीत आली. एवढी पानं संपली तरी ती बाई एकदाही जेवली नाही. तरीसुद्धा, आजवर जेवढं काही वाचलं त्यात माझ्या जिवाला सगळ्यात जास्त लागलेली कादंबरी कोणती असं कुणी विचारलं, तर मला तिचंच नाव घ्यावं लागेल. त्याचं श्रेय लेखकाचं नाही, माझ्या यमुनाआत्याचं आहे.

आमचा मळा अनसिंगच्या शिवारात, गावापासून हाकेच्या अंतरावर. घरही मळ्यातच. विहिरीवर पहाटेपासून मोट चालायची. चाकाची कुरकुर, मग मोट वर आली की थारोळ्यात पाणी कोसळल्याचा आवाज, मग बैलांना मागे सरकवताना बाबांनी घातलेली शीळ. हे तिन्ही आवाज एकामागून एक असे येत की त्यातला एखादा चुकला तर झोपेतही कळायचं. लांबून आगगाडीची शिट्टी यायची आणि आमची माय चुलीपुढून म्हणायची, "गाडी आली, अन् अजून भाकरी नाही झाल्या माह्या." गाडीचा आणि तिच्या भाकरींचा काय संबंध होता ते मला कधी कळलं नाही, पण तिची घाई त्या शिट्टीवर चालायची. हिवाळ्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, वर मिरचीचा ठेचा आणि कढईतून काढलेली मेथी. आता मुलाच्या घरी चौथ्या मजल्यावर मेथी येते ती निवडून, धुऊन, पिशवीत बंद होऊन. तिला वासच नसतो. सून म्हणते, आई, तुमचं नाक म्हातारं झालंय. असेलही.

घरात आम्ही पाच जण. बाबा, माय, मी, बाबांच्या थोरल्या भावाची विधवा बायको म्हणजे माझी मोठी माय, आणि बाबांची धाकटी बहीण यमुनाआत्या. आजी-आजोबा मी बघितले नाहीत. आत्या पाळण्यात होती तेव्हाच ते गेले, आणि तिला मोठी मायने वाढवलं. घराचे रीतिरिवाज मोठी मायच्या मुठीत होते. कुठल्या वारी काय पेरायचं नाही, कुठल्या सणाला काय तळायचं नाही, उंबऱ्यावर कोण बसायचं नाही, सगळं तिला पाठ. बाबा बाहेर मोठ्या आवाजाचे, पण मोठी मायने नुसतं "भाऊजी" म्हटलं की त्यांचा आवाज खाली यायचा.

आत्या मात्र आत्याच होती. तिचं राज्य बाजारात. बाजाराच्या आदल्या दुपारी मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक उपटून अंगणात ढीग लागायचे आणि घरातल्या, शेजारपाजारच्या बाया जुड्या बांधायला बसायच्या. दुसऱ्या दिवशी पहाटे बंडी जुंपायची. बाबा हाकायला, मागे भाजीच्या ढिगावर आत्या आणि मी. बाजारात चिंचेखाली आमची जागा ठरलेली. आत्या पदर खोचून तागडी हातात घ्यायची आणि तिचा आवाजच बदलायचा. घरात चार शब्द बोलणारी ही बाई तिथे गिऱ्हाइकाची थट्टा करायची, भांडायची, म्हाताऱ्यांना हातावर दोन मिरच्या जास्त ठेवायची, आणि घासाघीस करणाऱ्या सावकारणीला म्हणायची, "घ्या न बाई फुकट. पन मंग उद्या माह्या घरी जेवाले या, मेथी तुमचीच राहीन." आजूबाजूचे हसायचे आणि सावकारीण मुकाट्याने ठरल्या भावाने घेऊन जायची. मी तागडीशेजारी बसून तिच्याकडे बघत राहायची. मला वाटायचं, देवाने हिला बाजारासाठीच केलंय. आजही वाटतं.

एका हिवाळ्यात कामरगावहून तिला मागणी आली. जमीनदार माणसं, विटांचं घर, दारात दोन जोड्या बैल. मुलगाही बरा होता; त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती. त्यांची अट एकच होती, आणि ती अट आहे असं त्यांना वाटलंही नसावं, इतक्या सहज त्यांच्या म्हाताऱ्याने ओट्यावर चहा पिता पिता सांगितली. "आमच्या घरची बाई बाजारात बसत नाही. घराच्या बाहीर तिचं कामच नाही." बाबांचे डोळे भरून आले. त्यांना हे लक्ष्मीचं बोलणं वाटलं. बिनआईबापाची बहीण, लहानपणापासून डोक्यावर टोपली. आता तिची टोपली उतरणार, ती सावलीत बसणार. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. आत्या आत भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ होते. तिचा हात क्षणभर थांबला, भाकर काठाला फाटली, आणि ती पुन्हा पाणी लावून थापू लागली. ती कुणालाच काही बोलली नाही. पण पुढच्या बाजारी चिंचेखाली दुकान आवरताना तिने तागडीची पारडी पदराने अशी पुसली की मला रडू फुटलं. "आत्या, तुले नाही जाचं न कामरगावले?" मी म्हटलं. ती म्हणाली, "चूप. लोक पाहून राह्यले."

कादंबरी आमच्या घरी आली ती याच दिवसांत. शाळेतल्या मास्तरीणबाई पुण्याकडच्या. आत्या त्यांच्याकडे भाजी टाकायला जायची, बरोबर मी. मी चौथी पास झाले होते आणि तिथे माझी शाळा संपली होती. मास्तरीणबाईंना त्याचं वाईट वाटायचं. एक दिवस त्यांनी हे जाडजूड पुस्तक माझ्या हातात दिलं. "वाचत राहा गं, नाही तर अक्षर विसरशील. फार सुंदर आहे. मी तर उशी भिजवली." मी मळ्यात येऊन विहिरीच्या धावेवर, मोटेचे बैल चालतात त्या उतारावर, पुस्तक उघडलं, तर मागे मोठी माय उभी.

"काय वाचून राह्यली व?"

"गोष्ट हाये. कुमुदिनीची."

"कुमुदिनी? कोनती देवी म्हनाची हे?"

"देवी नाही व मोठी माय, बाई हाये."

"मंग मनातल्या मनात काहून वाचतं? आमाले का कान नाहीत? ऊठ, पाय धुऊन ये."

आमच्याकडे पुस्तक म्हणजे पोथी, आणि पोथी म्हणजे श्रावणात वाचतात ती. एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने तिचा अर्थ आपल्या बोलीत सांगायचा, आणि बसलेल्यांनी हुंकार द्यायचा. अर्थ सांगणारा नसेल तर पोथी पुढे सरकत नाही. अध्याय अर्धा टाकायचा नाही, आणि एकदा लावलेली पोथी समाप्तीशिवाय सोडायची नाही. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने पुस्तक वाचतात हे मोठी मायला ठाऊकच नव्हतं. तिने पाट मांडला, त्यावर धुतलेलं फडकं घातलं, पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, पुढे नारळ ठेवला. जुड्या बांधणाऱ्या बाया हात पुसून, डोक्यावर पदर घेऊन बसल्या. मी पाय धुतले आणि पहिलं प्रकरण लावलं. मास्तरीणबाई त्या वेळी दारात आल्या असत्या तर त्यांना कुमुदिनीसारखीच मूर्च्छा आली असती.

पहिलं वाक्य मला अजून थोडंसं आठवतं. त्यात निशा होती, नभ होतं आणि कुणाचं तरी हृदय विदीर्ण होत होतं. मी वाचून थांबले. बाया माझ्याकडे बघत राहिल्या. शेजारच्या सुभद्राकाकूने विचारलं, "म्हंजे काय झालं?" मला कुठे माहीत होतं? मी चौथी पास, विदीर्णपर्यंत आमची शाळा पोहोचलीच नव्हती. तेव्हा मेथीच्या ढिगापलीकडून, हातातली जुडी अंबाडीच्या वाखाने बांधता बांधता, आत्याने तोंड उघडलं. "म्हंजे रात होती. अन् पोरीले झोप नव्हती येत. तिचं लगन जमवलं होतं, अन् तिले कोनं इचारलं नव्हतं." बायांनी हुंकार दिला. मोठी माय म्हणाली, "हां. यमू अर्थ सांगन. वाच पुढं."

त्या दिवसापासून आमच्या अंगणात एकाच वेळी दोन कादंबऱ्या चालू झाल्या. एक मी वाचायची, दुसरी आत्या सांगायची, आणि दुसरी पहिलीपेक्षा इतकी सरस होती की काय सांगू! पुस्तकात कुमुदिनी अंधाऱ्या रात्री घराबाहेर पडली. आत्या म्हणाली, "बाहीर पडली. पन फडक्यात दोन भाकरी बांधून घेतल्या, अन् ठेचा." मी म्हटलं, "आत्या, पुस्तकात भाकरी नाहीत." "पुस्तकवाल्याले काय मालूम? उपाशी पोटी कोसभर तरी चालवते का?" सगळ्या बायांनी एकमुखाने माझ्याविरुद्ध कौल दिला. पुस्तकात तिला रस्त्यात मूर्च्छा आली. आत्याने तिला बाभळीच्या सावलीत बसवून पाणी पाजलं. पुस्तकात एक तरुण डॉक्टर येऊन पानभर तिच्या डोळ्यांविषयी बोलला, आत्या म्हणाली, "डाकतर आला, अन् त्यानं लई टाइम खाल्ला." आश्रमातल्या प्रकरणात तर तिने कमालच केली. पुस्तकातली कुमुदिनी तिथे नुसती खिडकीत बसून उसासे टाकत होती. आत्याच्या कुमुदिनीने आश्रमाच्या मागे वाफे पाडले, पालक लावला आणि तो विकायला जवळच्या गावाच्या बाजारात नेला. पहिल्या दिवशी तिची बोहनी होईना तेव्हा सुभद्राकाकू इतकी कासावीस झाली की ओरडली, "अवो, आवाज दे म्हना तिले, आवाज दे!"

दर दुपारी बाया वाढत गेल्या. ज्यांचा भाजीशी काही संबंध नव्हता त्याही येऊन जुड्या बांधू लागल्या, आणि मायला फुकटात एवढे हात मिळाल्याने तिने या पोथीला मनापासून पाठिंबा दिला. पुढे माझी सुटलेली शाळा पुन्हा सुरू झाली, मी शिक्षिका झाले, शहरात राहिले, आणि एकदा एका वाचनालयात ती कादंबरी अचानक हाताला लागली. मी ती हरखून घरी आणली आणि एका बैठकीत वाचली. वाफे नाहीत, बाजार नाही, भाकरी नाहीत. नुसता चंद्र आणि उसासे. इतका भ्रमनिरास माझा दुसऱ्या कशाने झाला नसेल. ज्या कुमुदिनीवर मी जीव टाकला होता, ती त्या पुस्तकात नव्हतीच.

आणि कादंबरीचा शेवट! तो तर तेव्हाच सगळ्यांना लागला. शेवटच्या प्रकरणात कुमुदिनी घरी परत येते, वडिलांच्या पायांवर कोसळते, माझं चुकलं म्हणते, आणि त्याच रावसाहेबांच्या गळ्यात माळ घालते. रावसाहेब म्हणे मनाने थोर होते. ते आधीच भेटले असते तर आम्हा सगळ्यांचा महिना वाचला असता. मी वाचून थांबले. मग सुभद्राकाकूने हातातली जुडी आपटली. "परत कायले आली हे? इतकी तंगडतोड करून त्याच दारात? मंग पळाली कायले?" बाकीच्या बायाही बोलू लागल्या. त्यांना राग आला होता, खराखुरा, जसा शेजारणीचा यावा तसा. मोठी मायने हात वर केला. "गप बसा. यमू, अर्थ सांग."

आत्या खाली बघत होती. मग म्हणाली, "मोठी वहिनी, याचा अर्थ मले नाही लागत."

"लागत नाही म्हंजे? पोथी उघडी ठेवाची का?"

"मले नाही लागत," आत्या पुन्हा म्हणाली आणि उठून विहिरीकडे गेली.

त्याच संध्याकाळी बाबा कामरगावहून परतले ते साक्षगंधाचा दिवस ठरवूनच. साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. तो झाला की लग्न झाल्यातच जमा. बाबा खुशीत होते. मोठी मायने त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "भाऊजी, साक्षगंध नाही होत. घरात पोथी उघडी हाये." बाबांना आधी थट्टा वाटली. "वहिनी, ते मास्तरनीची कादंबरी हाये. तिले पोथी कोनं म्हनलं?"

"पाय धुऊन वाचली का नाही?"

"वाचली असन."

"हळदकुंकू वाह्यलं? हुंकार देल्ला?"

"आता ते मले काय मालूम?"

"देल्ला. मंग ते पोथीच हाये. समाप्ती झाल्याबिगर मी या घरात शुभकार्याचं कुंकू काढत नाही."

बाबांनी मला हाक मारली. "शांते, वाचून टाक ते शेवटचं, अन् मोकळं कर." मी वाचून टाकलं. पण अर्थ? "यमे, सांग न व काहीतरी," बाबा चिडून म्हणाले. आत्या म्हणाली, "काहीतरी कसं सांगू दादा? पोथी हाये. लागला का सांगीन." बाबांनी कपाळावर हात मारला. कामरगावला काय कळवणार? एका कादंबरीतल्या मुलीचा अर्थ लागत नाही म्हणून आमच्या मुलीचा साखरपुडा अडलाय? त्यांनी बैल आजारी असल्याचा निरोप पाठवला. गावात आमची थट्टा व्हायला लागली. बाबा मोटेवर शीळ घालेनासे झाले. मोठी मायला यातलं किती कळत होतं असं मी पुढे कितीदा मनाशी विचारलं आहे. मला वाटतं, तिला सगळं कळत होतं. हाताखाली वाढवलेल्या पोरीचं मन तिला कळणार नाही? पण विधवा भावजयीने दिराच्या शब्दापुढे काय बोलावं? तिच्याजवळ रीत होती, तीच तिने दारात आडवी घातली. त्या बाईला मी मनातल्या मनात किती नमस्कार केले असतील.

पुढच्या बाजारातून परतताना बंडी रिकामी होती. बाबा पुढे बैलांशी बोलत होते. आत्या पोत्यांना टेकून बसली होती. ती हळूच म्हणाली, "शांते, एक सांग. ते कुमुदिनी पळाच्या आधी बापाले काय म्हनली होती?"

मी आठवून पाहिलं. सारी सुरुवात मनात पुन्हा चाळली. "काही नाही म्हनली."

"एकदा बी नाही?"

"नाही. उशीत तोंड घालून रडली. अन् मंग चंद्राले म्हनली."

"चंद्राले!" आत्या एवढ्या मोठ्याने हसली की बाबांनी वळून पाहिलं. तिचं हसू थांबेना, डोळ्यांतून पाणी आलं. मग तिने ते पदराने पुसलं. बंडी नाल्यात उतरून वर चढली तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी बी तं नाही म्हनली." घरी आल्यावर तिने मोठी मायला सांगितलं की अर्थ लागला.

मोठी मायने समाप्ती साग्रसंगीत करायची ठरवली. गोवऱ्यांचा हार म्हणजे ढीग रचून पेटवला, त्यात कणकेचे जाड रोडगे भाजायला टाकले, मोठ्या गंजात आमच्याच मळ्यातल्या वांग्यांची तर्रीदार भाजी, शिवाय वरण. सगळ्या बाया आल्या. आणि मग मोठी मायने बाबांना बोलावलं. समाप्तीला घरचा मालक पाटावर लागतो, त्याने मन लावून ऐकावं लागतं, नाही तर घराला पोथी लाभत नाही. बाबा कुरकुरत आले, टोपी घालून पोथीपुढे बसले. वाचनाला बसण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. मी पाय धुतले आणि शेवटची दोन पानं वाचली, पायांवर कोसळण्यापासून वरमाळेपर्यंत. मग थांबले.

आत्या डोक्यावरचा पदर सारखा करून बसली. बाजारातल्या आवाजात नाही आणि घरातल्याही नाही, अशा वेगळ्याच आवाजात ती बोलू लागली. "म्हंजे काय झालं, का कुमुदिनी परत आली. सारं फिरली, वाफे पाडले, बाजार केला, पन तिच्या मनाले काही चैन पडेना. काहून, तं तिले भावाची याद येऊन राह्यली होती. बाप नव्हता तिले. भाऊच होता, बापाच्या जागी."

पुस्तकात वडील होते, चांगले मिशाळ वकील होते. मी जीभ चावली आणि गप्प राहिले.

"तं ते आली, अन् भावाच्या पाया पडली. म्हनली, दादा, माहं चुकलं. पळून गेली ते चुकलं. मी तुले तोंडानं सांगाले पायजे होतं, अन् मी चंद्राले सांगत बसली. तू माह्यासाठी चांगलं घर पाह्यलं. मानसं चांगली हायेत, पोरगा चांगला हाये, मी त्यायले नाव नाही ठेवत. पन दादा, मले बाजारात बसाले आवडते. टोपलीचं मले वझं नाही होत. चार लोकायत बसली, तागडी हातात घेतली, का मले वाटते मी बी कोनी हाये. ते सुटलं तं मी खाऊन-पिऊन बी सुखानं नाही राहनार. मले तिथं नको देऊ." ती थांबली. तिचे हात मांडीवर घट्ट गुंफलेले होते. "असं म्हनली कुमुदिनी. हा अर्थ."

हुंकार द्यायचं कुणाला सुचलं नाही. गोवऱ्यांचा धूर अंगणभर पसरला होता. बाबा पुस्तकाकडे बघत होते, जसं काही त्यांना ते वाचता येत होतं. त्यांच्या मानेची शीर उडत होती. मायने माझा हात धरला. मला वाटलं, आता ते उठतील आणि पाट लाथाडतील. ते खाकरले. मग पुस्तकावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "मंग भाऊ काय म्हनला?"

आत्या म्हणाली, "ते पोथीत नाही लिवलं. ते भावानंच सांगाचं."

बाबांनी पाटापुढचा नारळ उगाच सरळ केला. मग म्हणाले, "भाऊ म्हनला... भाऊ म्हनला, का बाई, मले वाटे तुही मान मोडते टोपलीनं. रोज वाटे. मले हे दुसरं कोनं सांगतलंच नाही." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि पुन्हा घातली. "मंग भावानं कामरगावले निरोप धाडला, का आमची पोरगी बाजारात बसते, अन् पुढं बी बसन. चालत असन तं या. नाही तं राह्यलं."

"कामरगाव?" सुभद्राकाकू दचकून म्हणाली. "कामरगाव कुठून आलं पोथीत?"

"गप वो," मोठी माय म्हणाली. "पोथीत सारीच गावं असतात. भाऊजी, फोडा नारळ."

बाबांनी नारळ फोडला. त्या दिवसाचे रोडगे काठाला करपले होते, कारण हाराकडे लक्ष द्यायचं कुणाला भानच राहिलं नव्हतं. आम्ही ते तसेच तुपात बुडवून खाल्ले, आणि बाबांनी आत्याच्या ताटात स्वतःच्या हाताने वांग्याची भाजी वाढली. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

कामरगावच्या लोकांना ते चाललं नाही. चालणार नव्हतंच. गावात वर्षभर बोलणी झाली, बाबांना पारावर टोमणे बसले. कधी कधी त्यांचा तोल जायचा आणि ते आत्यावर खेकसायचे, पण दिलेला शब्द त्यांनी मागे घेतला नाही. पुढे किन्हीराजाच्या एका मळेवाल्या घरी आत्याचं लग्न झालं. तिथली सासू स्वतः तागडी घेऊन बसणारी होती आणि सुनेचा आवाज ऐकून तिने पहिल्याच बाजारी मोक्याची जागा तिला सोडली. आत्या म्हातारी होईपर्यंत बाजार करत राहिली. तिला लिहिता-वाचता कधीच आलं नाही. मी जन्मभर वर्गात मुलांना धड्यांचा अर्थ सांगितला, आणि माझ्या मनात शाळेतल्या गुरूंच्या आधी नेहमी तीच आली.

तिच्या शेवटच्या वर्षांत मी एकदा किन्हीराजाला गेले होते. ती अंगणात उन्हात बसली होती, मी तिच्या पाठीला तेल लावत होते. खूप वर्षं मनात असलेलं मी विचारून टाकलं. "आत्या, त्या दिवशी बाबा नाही म्हनले असते तं? खरं सांग. तू पळून गेली असती का?"

"पळतो कायले?" ती म्हणाली. "गेली असती कामरगावले. काय करतं?"

मला धक्काच बसला. माझा हात थांबला. इतकी वर्षं मी मनात धरून होते की ही बाई काहीही झालं तरी गेली नसती.

"म्हंजे मंग ते सारं सांगून काय फायदा झाला असता?"

आत्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतकी शिकलेली पोर आणि एवढंही कळू नये, असं काहीसं तिच्या डोळ्यांत होतं.

"अवो, दादाले मालूम तं असतं न," ती म्हणाली, "का मले नव्हतं जाचं."